शुक्रवारचे आकडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी फार थोड्या गोष्टी लपवल्या. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल आणि नारळ दिला, माझ्या नीटनेटक्या वह्यांचं सगळ्यांसमोर कौतुक केलं, तेव्हा बोलायची वेळ होती. मी हात जोडले आणि खाली बसलो. पुढे दर वर्षी उन्हाळा आला की वाटायचं, या वर्षी लिहून टाकू. मग पाऊस यायचा, हवा पालटायची आणि मी सुटायचो. यंदा मात्र एप्रिल लागला आणि वरच्या मजल्यावरची ईश्वरी मोबाइल घेऊन दारात उभी राहिली.

ईश्वरी केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रहाटणीतल्या आमच्या सोसायटीचा उन्हाळा टँकरवर निघतो, त्यामुळे पाणी हा विषय तिला पुस्तकात शोधावा लागला नाही.

"आजोबा, हे वाचा. मेम्ब्रेनवर संशोधनाच्या जागा निघाल्यात. एम.टेक.ला आणि पुढे पीएच.डी.लाही. खारं पाणी गोडं करायचं. विद्यावेतन आहे, राहायची सोय आहे. फक्त खऱ्या प्लांटवरचं काहीतरी काम दाखवलं तर बरं, असं लिहिलंय. तुम्ही चाकणला आरओवर होता ना?"

"होतो."

"मग जुनं रीडिंग असेल की तुमच्याकडे एखादं!"

माझ्या कपाटात, सगळ्यात खाली, स्वेटरांच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत हिरव्या कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. "बघतो," मी म्हणालो. ती "थँक्यू हं" म्हणून जिना चढून गेली, आणि मी दार लावायचं विसरून तसाच उभा राहिलो. खाली टँकरचा पाइप टाकीत सुटला होता. पाणी पडल्याचा तो आवाज आणि तापलेल्या सिमेंटवर सांडलेल्या पाण्याचा तो वास. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा जिना चढून माझ्या घरात आला.

त्या उन्हाळ्याची मला ओढ आहे, हेच खरं तर सांगायला अवघड जातं. ज्या दिवसांची लाज वाटते ते दिवस माणसाला विसरावेसे वाटावेत. मला ते परत हवे असतात.

आमची कंपनी गाड्यांच्या सुट्या भागांना रंग द्यायची. रंगकामातून निघालेलं पाणी आमच्याकडे यायचं. गाळ बसवून, गाळून शेवटी ते आरओमध्ये जायचं. सहा लांब पांढऱ्या नळ्या, प्रत्येकीच्या पोटात चटईसारखे गुंडाळलेले मेम्ब्रेन, म्हणजे बारीक पडदे. मोठा पंप पाणी रेटायचा, गोडं पाणी पडद्यातून पलीकडे, क्षार अलीकडे. पडद्यावर मळ चढत गेला की पाण्याला रेटा जास्त लागायचा, आणि तो किती लागतो हे गेजच्या काट्यावर दिसायचं. दर तासाला एकाने फिरून सगळे काटे बघायचे आणि वहीत लिहायचे. या सगळ्याचा मी सुपरवायझर. धाराशिवकडच्या ज्या गावातून मी आलो तिथे हंड्याला हंडा लावून पाण्याची वाट बघत बालपण गेलं. पाण्याच्या नोकरीत केस पांढरे झाले, याचा मला मनातून अभिमान होता.

अर्चना आली ती मार्चमध्ये. स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे. स्कार्फ सोडल्यावर कळलं की मुलगी हसतेय. पुण्यातल्या एका कॉलेजात एम.टेक. करत होती आणि घर चाकणच्या पुढे एका गावात. तिच्या प्रोजेक्टसाठी कंपनीने तीन महिन्यांची परवानगी दिली होती. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मुलींनी कॉम्प्युटर घ्यायचा, तू हे चिखलाचं काम का घेतलंस?"

"काका, आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय. आजी म्हणते चहा नासतो. मी म्हटलं, बघू तरी का नासतो ते."

एवढंच. पुढे कधी तिने मोठं भाषण केलं नाही.

आमचा ऑपरेटर दत्ता तिला पाहून मला चिडवायचा. "काका, लेक आली बघा तुमची. आता आम्हाला कोण विचारतंय!" मला दोन मुलगे. मी ओरडल्यासारखं करायचो आणि आतून सुखावायचो. तिनेही त्याला सोडलं नव्हतं.

"दत्ताभाऊ, बाराचं रीडिंग घेतलंत का?"

"घेतलं की. डोळे मिटून घेतलं."

सगळे हसायचो. मी जरा जास्त मोठ्याने हसायचो.

दुपारी डबे उघडले की बाजार समितीच्या बाजूने कांद्याचा वास यायचा. आमच्या डब्यात भाजी काय आहे ते त्या वासापुढे कळायचं नाही. ती कैरीचा तक्कू आणायची, आईच्या हातचा, आणि बरणी सरळ माझ्यापुढे सरकवायची. कॅन्टीनचं ताक यायचं. पंपाची घरघर एवढी की मोठ्याने बोलावं लागायचं, त्यामुळे आमच्या साध्या गप्पाही लांबून भांडणासारख्या वाटत असतील. एकदा तिने मार्करने त्या सहा नळ्यांवर सहा नद्यांची नावं लिहिली. पवना, मुळा, इंद्रायणी, भामा, नीरा, घोड. साहेब रागावतील म्हणून मी पुसायला फडकं घेतलं, पण पुसलं नाही. ती गेल्यावरही दत्ता हाक मारायचा, "काका, पवना गळतीय बरं का!" आणि मला क्षणभर वाटायचं, ती आत वाकून बघत असेल.

समुद्राबद्दल ती फार बोलायची. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या संशोधनाला जागा होती, तिला तिथे जायचं होतं. "मी समुद्र एकदाच बघितलाय काका, शाळेच्या सहलीला. सगळी पोरं लाटांत गेली, मी ओंजळभर पाणी पिऊन बघितलं. बाईंनी कानफटात दिली." तिच्या गावातून तोवर कोणी अशा ठिकाणी गेलेलं नव्हतं. वडील म्हणाले होते, जागा मिळाली तर जा, नाहीतर लग्नाचं बघू. ती जागा म्हणजे तिची वाट होती, आणि ती तिच्या प्रोजेक्टवर ठरणार होती.

आता वहीकडे येतो.

तिला नवे मेम्ब्रेन नको होते. आमचे मेम्ब्रेन जानेवारीतच बदललेले. आधीचे जुने मेम्ब्रेन वर्षभरात कसे थकत गेले, कुठल्या महिन्यात किती मळले, हे तिला हवं होतं, आणि ते फक्त माझ्या आदल्या वर्षीच्या वहीत होतं. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, रोज तासातासाचे रकाने, निळ्या शाईत, एक खाडाखोड नाही. तिने ती उघडली तेव्हा तिचा चेहरा मी बघत होतो. "काका, इतकी सुंदर वही मी कुठेच बघितली नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये पण नाही."

आदल्या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमाराला मुख्य गेजचा काटा अडकला होता. मी मागणी लिहून दिली. खरेदी विभागाने ती ठेवून घेतली. पुन्हा लिहून दिली. नवा गेज यायला डिसेंबर उजाडला. तोवर वहीत काय लिहायचं? गेज बंद आहे असं लिहिलं तर ऑडिटला आलेला माणूस पहिलं बोट तिथेच ठेवणार. आणि आमच्याकडे एक शिस्त होती, सगळ्या कंपन्यांत असते: रकाना मोकळा दिसता कामा नये. मग रीडिंग बसवायचं. शब्दच तो होता, बसवायचं. पंपाच्या आवाजावरून, पाण्याच्या धारेवरून, कालच्या आकड्यावरून आजचा आकडा बसवायचा. त्या कामात माझ्याइतकं तरबेज कोणी नव्हतं. सकाळी खुर्चीत बसून मी अख्ख्या दिवसाचे आकडे असे उतरवायचो की कुणाला शंका येऊ नये. थोडे वर, थोडे खाली, हळूहळू चढत जाणारे. आणि शुक्रवारी जरा कमी.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी प्लांट बंद. गुरुवारी मी उशिरा उठायचो, डोक्याला तेल लावायचो, दुपारी झोप काढायचो, कधी बायकोला घेऊन आळंदीला जाऊन यायचो. शुक्रवारी बसमधून उतरताना गुडघे हलके असायचे. मी तसंच यंत्राबद्दलही धरून चाललो. मलाच बरं वाटतंय तर मेम्ब्रेनलाही वाटत असेल. त्यात लबाडी आहे असं मला तेव्हा सुचलंसुद्धा नव्हतं. दर शुक्रवारी मी त्याला थोडी विश्रांती लिहून द्यायचो.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी अर्चना कागदांची गुंडाळी घेऊन जवळजवळ धावत आली. टेबलावर आलेख पसरला, चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाने ठेवले.

"काका, बघा. दर गुरुवारनंतर रेटा खाली येतो. दर! एक आठवडा चुकत नाही. म्हणजे नुसतं थांबवलं, पाणी भरून शांत ठेवलं, तर पडदा आपला आपण मोकळा होतो. रसायन कमी लागेल. माझ्या गाइडना सांगितलं, ते म्हणाले हाच विषय घे."

दत्ताने माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि काहीतरी काम काढून बाहेर गेला.

तोंड उघडायची ती जागा होती. आजही मी त्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो. पान्याचं वजन हातात जाणवतं, तिच्या बोटाला लागलेली पेन्सिलीची काजळी दिसते. मी म्हणालो, "विश्रांती मिळते ना गं त्याला." ती एवढी खूश झाली की तिने ते वाक्य तिथेच कागदाच्या कडेला लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात ती कितीतरी आनंदात होती, आणि तिच्याबरोबर मीही. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा ती पेढे घेऊन आली, पहिला मला दिला. वडील तिला सोडायला मोटारसायकलवर आले होते. गेटवर माझा हात धरून म्हणाले, "तुमच्या वहीनं पोरीचं नशीब काढलं बघा. आमी अडाणी मानसं, आमाला काय कळतंय. तुमी हाय म्हनून." त्यांचा हात खरखरीत होता, आणि मला तो सोडवून घ्यायची घाई झाली होती.

मुलाखतीत संस्थेतल्या लोकांनी तिला वेड्यात काढलं नाही, उलट शांतपणे विचारलं. हे आकडे फार शहाणे आहेत, खरं यंत्र असं वागत नाही. हे कुणी घेतले? मूळ वही दाखवता येईल का? ती म्हणाली, दाखवते.

मे संपत आला होता. सकाळी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, दुपारी त्या मुलीचे सर येणार आहेत, जुनी वही बघायची म्हणतात, काय ते बघून घ्या. साहेबांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाच ठाऊक. मी खाली आलो, रॅकवरची हिरवी वही काढली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली.

सर सभ्य होते. खुर्चीवर बसले, पाणी घेतलं. अर्चना उभीच होती. टेबलाखाली, माझ्या पायाशी, डब्याची पिशवी.

"वही मिळाली तर बरं होईल," सर म्हणाले. "हे आकडे हिने बदलले नाहीत, एवढं तरी मला त्यांना कळवता येईल."

"जुन्या वह्या ऑडिटनंतर भंगारात जातात सर," मी म्हणालो.

अर्चना माझ्याकडे बघायला लागली. "काका, हिरवी वही. या रॅकवर, डावीकडून तिसरी. परवा तर होती. आठवा ना."

"गेली पोरी ती."

"काका, परवा मी हातात घेतली होती."

मी रॅककडे बघत राहिलो. सरांनी पेनाला टोपण लावलं. त्या बारीकशा आवाजात काय काय बंद झालं ते मला तिथेच कळलं. ते उठले, माझे आभारसुद्धा मानले. अर्चना दारात एकदा थांबली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "तक्कूची बरणी राहू दे. नंतर नेईन." ती परत आली नाही. बरणी मी बरीच वर्षं धुऊन ठेवली होती.

जागा गेली. दुसरा विषय घेऊन पदवी वर्षभर उशिरा मिळाली, असं दत्ताने सांगितलं. मी नोकरीची भीती पुढे करू शकतो. निवृत्तीला दोनच वर्षं होती, आणि खोटं रीडिंग उघड झालं असतं तर साहेबांनी माझ्यावरच ढकललं असतं. पण ती भीती दुसरी. पहिली भीती अशी की तिला कळेल. ज्या वहीला तिने सुंदर म्हटलं ती काय आहे, हे तिला कळेल. तिच्यावर खोटेपणाचा डाग राहिला तरी चालेल, मी तिच्या नजरेतून उतरायला नको. इतकं साधं आणि इतकं घाण होतं ते.

निवृत्तीनंतरही उन्हाळ्यात कुठे पंप घरघरला की माझी मान वळते. घरातल्या फिल्टरचा मेम्ब्रेन बदलायला माणूस येतो, जुना काढून सिंकमध्ये ठेवतो. ओला, पिवळट, ओशट वासाचा. मी त्याला विचारतो, जरा बघू का. तो हसतो. मी बोटाने पडद्याची कड उलगडतो. अर्चनाने एकदा असाच एक जुना मेम्ब्रेन कापून जमिनीवर पसरला होता, आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून त्याच्यावरचे डाग बघत होतो, लहान पोरं कीटक बघतात तसे. त्या दुपारी मी फार सुखात होतो. ते सुख माझ्या हक्काचं नव्हतं, हे आठवणीला समजत नाही.

ईश्वरीला मी वही दिली नाही. एवढंच सांगितलं, "डेटा आयता घेऊ नकोस. स्वतः उभी राहून घे. आणि जे बघितलं नाही तो रकाना मोकळा सोड."

"मोकळा? सर ओरडतील ना."

"ओरडू देत."

तिने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. दुसऱ्या दिवशी मी वहीची पिशवी घेतली आणि चाकणच्या बसमध्ये बसलो.

अर्चनाचा पत्ता दत्ताकडून कधीच मिळाला होता. तो खिशात ठेवून मी पाच उन्हाळे काढले. गावाच्या रस्त्यावर, विकून उरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, तिचा जारच्या पाण्याचा प्लांट आहे. पत्र्याची शेड, निळे जार, एक टेम्पो. बाजेवर तिचे वडील होते, आता पार वाळलेले. "कोन? कंपनीतलं पान्याचं काका व्हय? या की, या. अर्चे, बघ कोन आलंय!"

ती आतून हात पुसत आली. केसांत थोडी चांदी. मला वाटलं होतं चेहरा बंद होईल. ती म्हणाली, "काका, गुडघे कसे आहेत?" आणि स्टूल पुढे सरकवलं. पेल्यात पाणी आणलं. थंड, गोड पाणी. मी ते हळूहळू प्यायलो, कारण पेला रिकामा झाल्यावर बोलावं लागणार होतं.

भिंतीवर खिळ्याला वही टांगलेली. मी चष्मा वर केला. तासातासाचे रकाने, तिचं अक्षर. मधेमधे रकाने मोकळे, आणि त्यांत एक आडवी रेघ.

"हे काय?"

"तेव्हा मी नव्हते इथे. नाही बघितलं तर रेघ मारते." मग हसून म्हणाली, "वही तुमच्यासारखी सुंदर नाही होत माझी."

टेम्पोवाला बाहेरून "ताई, जार!" म्हणून ओरडला. "आले हो," म्हणाली, पण गेली नाही. नळीवर हात ठेवून उभी राहिली. नळीवर मार्करने लिहिलं होतं, भामा.

"काका, एक विचारू? मी अजून गुरुवारी प्लांट बंद ठेवते. सगळे हसतात, धंद्याचा दिवस घालवते म्हणून. दर शुक्रवारी रीडिंग घेते. इतकी वर्षं झाली, काही फरक दिसत नाही. एकदाही नाही. मग तुमच्याकडे दर आठवड्याला कसा दिसायचा? मी चुकले कुठे, तेवढं मला अजून सापडत नाही."

पिशवी माझ्या पायाशी होती. पुन्हा पायाशीच.

"पाणी वेगळं होतं गं आमचं," मी म्हणालो.

तिने नळीवरचा हात काढला. मग मान हलवली. "असेल." जार उचलायला वाकली. निघताना म्हणाली, "या परत, काका. उन्हाचं नका येऊ पण."

जाताना बसमध्ये मी एक वाक्य घोकत गेलो होतो. मोशीच्या पुलापर्यंत ते पाठ झालं होतं, चाकणच्या चौकात गाडी अडकली तेव्हा ओठ हलवून म्हणूनही बघितलं होतं. परतीच्या बसमध्ये ते तसंच्या तसं माझ्याजवळ होतं. ते असं आहे. अर्चना, तू कुठेच चुकली नाहीस. गेज बंद होता, शुक्रवारचे आकडे मी खुर्चीत बसून लिहिले. वही भंगारात गेली नव्हती. तू 'आठवा ना काका' म्हणत होतीस तेव्हा ती टेबलाखाली माझ्या डब्याच्या पिशवीत होती. मला माफ कर, पोरी.